परत मिळालेला गाविलगड

अमरावतीहून परतवाड्याकडे जातांना उत्तरेस सातपुड्याची निळी रांग दिसूं लागते. तिच्या माथ्यावर गाविलगड उभा आहे. खालीं पायनघाटाची काळी, सुपीक जमीन. मागें मेळघाटाचें रान. त्यापलीकडे तापीचें खोरें. ह्या सीमेवर पहारा ठेवण्यासाठीं बहामनी सुलतान अहमदशहानें इ. स. १४२५ च्या सुमारास हा गड बांधविला. अकोल्याकडील नरनाळा हा त्याचा जोडीदार. पुढें इमादशाही, मोगल, नागपूरकर भोसले असे धनी बदलले. गडाचें काम तेंच राहिलें.

इ. स. १८०३ मध्यें त्या कामाची कसोटी लागली. २९ नोव्हेंबरला अडगावच्या लढाईंत इंग्रजांपुढें हरलेलें भोसल्यांचें पायदळ गडावर आश्रयास आलें. किल्लेदार बेणीसिंग होता. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे बारा वर्षांनीं वॉटर्लू येथें नेपोलियनला हरविणारा. मैदानाकडील कडे दुर्गम होते. नाजूक बाजू उत्तरेस, लबाडा गावाकडे होती. म्हणून ७ डिसेंबरपासून कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्यानें डोंगरांतून स्वतः रस्ता करीत जड तोफा हातांनीं ओढून नेल्या. १२ तारखेच्या रात्रीं तेथें मोर्चे बांधले गेले. १५ रोजीं सकाळीं हल्ला झाला. बाहेरच्या तटास तोफांनीं खिंडार पडलेंच होतें. आंतला तट एका तुकडीनें शिड्या लावून ओलांडला व दरवाजा उघडला. बेणीसिंग लढतां लढतां पडला.

दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबरला, देवगाव येथें तह झाला. कटक व बालेश्वर कंपनीकडे गेले. वर्धा नदीच्या पश्चिमेचें वऱ्हाड भोसल्यांनीं सोडलें व तें निजामाच्या पदरांत पडलें. गाविलगड आणि नरनाळा मात्र, चार लक्षांच्या मुलखासह, भोसल्यांस परत मिळाले!

हें औदार्य दिसतें. पण ज्या वऱ्हाडाच्या रक्षणासाठीं बेणीसिंग पडला, तेंच परक्याचें झाल्यावर गडानें राखावयाचें काय? १८२२ मध्यें हे दोन्ही गडही निजामाकडे गेले. १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आलें, आणि तात्या टोपे येऊन आश्रय घेईल ह्या भयानें १८५८ मध्यें गाविलगडाचे तट त्यांनीं निकामी केले.

चिखलदऱ्यास हवा खावयास जाणाऱ्यांनीं जवळच्या ह्या गडावर अवश्य जावें, आणि उत्तरेकडील तट पाहावा. तट तोफांनीं फुटला हें खरें. परंतु गडाचें प्रयोजन हिरावलें तें देवगावच्या कागदानें.