कॉर्डच्या पोटातली चाल

जॅझ गिटार शिकवणारा जाणता शिक्षक शिष्याकडून आधी कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचे, आकार घोटवून घेतो आणि मग त्याच आकारांतले स्वर सुटे करून त्यांची चाल कशी बांधावी, हे समजावतो. हा परिपाठ प्रामुख्याने ज्याच्या हातून रूढ झाला, त्या चार्ली ख्रिश्चनने या विषयावर एकही ग्रंथ लिहिला नाही. १९१६ साली टेक्सासात जन्मून, ओक्लाहोमा सिटीत वाढून, १९४२ च्या मार्चमध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो क्षयाने वारला.

त्या काळच्या मोठ्या वाद्यवृंदात गिटारची नेमणूक निव्वळ कारकुनाची होती: मात्रेमात्रेला कॉर्डची नोंद करावी, आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गदारोळात आपला आवाज लोपला तरी तक्रार करू नये. एडी लँगने अमेरिकेत आणि जँगो राइनहार्टने पॅरिसमध्ये एकेरी स्वरांचे वादन वैभवाला नेले होते खरे. परंतु भरगच्च वृंदापुढे नुसत्या लाकडी पेटीचा टिकाव लागत नसे. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही विजेवर चालणारी गिटार बाजारात आणली, तेव्हा हा अडसर दूर झाला. तीच गिटार घेऊन ख्रिश्चन १९३९ च्या ऑगस्टमध्ये वृंदप्रमुख बेनी गुडमनपुढे उभा राहिला. गुडमनला हा पाहुणा नको होता, म्हणून त्याने अडवण्याच्या हेतूने ‘रोझ रूम’ हे गीत पुकारले आणि ते पाऊण तास चालले, असे सांगतात. आख्यायिकेत थोडा मीठमसाला असेलही, पण नोकरी मात्र मिळाली.

रागसंगीतावर पोसलेल्या आपल्या कानांना ख्रिश्चनची करामत उमगण्यास एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. आपला षड्ज बैठकभर अचल असतो. जॅझमध्ये मात्र वादकाच्या पायाखालची भूमीच दर दोन-चार मात्रांनी बदलते, आणि त्याला प्रत्येक नव्या भूमीचे स्वर आयत्या वेळी हाताशी लागतात. ख्रिश्चनने त्यासाठी कॉर्डच्या आकारांचाच आधार घेतला. डॉमिनंट सेव्हन्थ या कॉर्डचा मूळ स्वर षड्ज मानला, तर तिचे घटक सा, ग, प आणि कोमल नी. ख्रिश्चन त्यातला सा गाळून वर कोमल रे जोडी: ग, प, कोमल नी, कोमल रे. या चारांतील प्रत्येक दोन शेजारी स्वरांत नेमके तीन अर्धस्वरांचे अंतर पडते. कोमल रे ओलांडून पुढे गेले की पुन्हा तीनच अर्धस्वरांवर ग भेटतो. म्हणून बोटांचा तोच आकार तीन पडदे वर सरकवला तरी तेच चार स्वर नव्या क्रमाने हाती येतात, आणि मनगट न मोडता चाल गिटारच्या गळ्यावर वरपर्यंत चढवता येते. बारा स्वरांतून असे संच केवळ तीनच निघतात. गणिताचा हा लाभ पियानोवाल्यालाही आहे, पण गिटारवाल्याला तो डोळ्यांनी दिसतो. माझ्या मते या वाद्याच्या शास्त्राचे खरे उगमस्थान या दिसण्यातच आहे. कोमल रेचा तणाव पुढच्या कॉर्डमध्ये विसर्जित झाला, की श्रोत्याला तृप्ती लाभते. कारण त्याला ठाऊक नसले तरी चालते.

हार्लेममधील मिंटन्स प्लेहाउसमध्ये १९४१ साली रात्रीच्या बैठकांत घेतलेले त्याचे ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. त्यात वाक्ये आवर्तनाच्या कुंपणाला न जुमानता लांबत जातात, आणि पुढे बीबॉप म्हणून गाजलेल्या पंथाची चाहूल लागते.

ही विद्या पसरली ती मात्र तबकड्यांवरून. इंडियानापोलिसच्या वेस माँटगोमेरीला नोटेशन वाचता येत नव्हते. ख्रिश्चनच्या तबकड्या ऐकून त्याने ते वादन स्वरन् स्वर पाठ केले आणि त्या भांडवलावर गावच्या एका क्लबात नोकरी पटकावली. पाठ केलेले वादन संपले, की त्याच्यापाशी वाजवण्याजोगे दुसरे काही उरत नसे.