भिंती आणि भाडे

नीरेच्या काठी, पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले शिरवळ आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. कारखान्यामागे कामगार येतो आणि कामगारामागे भाड्याच्या खोलीचा प्रश्न येतो. सातारा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. शतकाहून अधिक काळापूर्वी या जिल्ह्यातील माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली, तेव्हा तेथील अंधाऱ्या, कोंदट चाळींत त्यांनी तो भोगला होता.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि शहरातील दाटीवर सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये सुधार ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रोगट वस्त्या पाडल्या. मात्र पाडण्याच्या मानाने बांधण्याचे काम मागे पडले. बेघर झालेली बिऱ्हाडे आसपासच्याच चाळींत शिरली आणि तेथील गर्दी आणखी वाढली.

गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, विकास खाते निघाले. त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या केल्या. इमारती सिमेंटच्या व भक्कम होत्या. तरीही आरंभीची काही वर्षे त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या, कारण भाडे मजुराच्या कमाईला जड होते आणि वरळी तर कामाच्या ठिकाणापासून लांब होती. कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. मजुरांसाठी बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही कैदी राहिले!

सहकाराचा मार्गही त्याच सुमारास खुला झाला. रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वतांची गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. पुढे वांद्र्यात कॅथोलिकांनीही अशी संस्था काढली. परंतु भागभांडवल भरण्याची ऐपत असणाऱ्यांनाच हा मार्ग चालता आला. रोजंदारीवरचे कुटुंब दाराबाहेरच राहिले.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. धोक्याची खोली सोडा, असे सांगणे म्हणजे मदत नव्हे. पुढची खोली कामाजवळ हवी, भाडे पगारात बसणारे हवे आणि अनामत भरण्याची सोय हवी. यांतील एकही गोष्ट नसेल, तर कुटुंब गळक्या छपराखालीच राहते. त्यात त्याचा हट्ट नसतो, नाइलाज असतो.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा आग्रह धरला, तो त्याचा संसार नीट चालावा म्हणूनच. त्याआधी, १८३३ मध्ये, फ्रेडरिक ओझानाम यांनी पॅरिसमध्ये सुरू केलेल्या संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या नावाच्या कार्याचा पाया गरिबाच्या घरी प्रत्यक्ष जाणे हा होता. आपल्या धर्मग्रामालाही तेवढे जमण्यासारखे आहे. खोली पाहायला त्या कुटुंबाबरोबर कोणी जावे, भाडेकरार लेखी करून घ्यावा आणि अनामतीपुरती बिनव्याजी उचल द्यावी. बेथलेहेमात जागा नाकारली गेलेल्या पवित्र कुटुंबाची आठवण आपण दर नाताळात करतो. शिरवळच्या एखाद्या कामगाराचे बिऱ्हाड सुरक्षित खोलीत पोहोचवले, तर ती आठवण सार्थ होईल.