कोपितियाम

मलेशिया व सिंगापूर येथील पारंपरिक कॉफीचे दुकान. ‘कोपी’ हा मलय भाषेतला कॉफीसाठीचा शब्द, तर ‘तियाम’ हा होक्किएन या चिनी बोलीतला दुकानासाठीचा. कोपितियामची ओळख सहसा न्याहारीच्या पदार्थांवरून करून दिली जाते: नारळाचे दूध, अंडी, साखर आणि पांदानचे सुवासिक पान यांचा ‘काया’ नावाचा मुरंबा व लोणी लावलेला भाजका पाव, सोया सॉस आणि पांढरी मिरपूड घातलेली अर्धकच्ची अंडी, सोबत कॉफी. ही ओळख अपुरी आहे. हे पदार्थ घरीही होतात. कोपितियाम वेगळे ठरते ते तिथल्या मांडणीमुळे. पेये दुकानमालकाची, पाव-अंडीही बहुधा त्याचीच. बाकीचे खाणे मात्र जागेचे भाडे देऊन त्याच छपराखाली गाडी लावणाऱ्यांचे. एक जण तांदळाच्या रुंद शेवया लोखंडी कढईत परततो, दुसरा नूडल्सचा रस्सा वाढतो. प्रत्येक जण एखाददुसराच पदार्थ वर्षानुवर्षे करत असल्याने त्यात त्याचा हात बसलेला असतो. गिऱ्हाईक एकाच टेबलाशी बसून तिघांकडून मागवते आणि तिघांचे पैसे वेगवेगळे चुकते करते.

या मांडणीमागे स्थलांतराचा इतिहास आहे. चीनच्या हैनान बेटावरचे लोक ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मलायात (आजचा द्वीपकल्पीय मलेशिया व सिंगापूर) इतर चिनी गटांनंतर आले. व्यापारात त्यांचा शिरकाव होण्याआधीच होक्किएन, तेओच्यू, कँटनी लोकांचा जम बसला होता. त्यामुळे अनेक हैनानी ब्रिटिशांच्या घरी आणि जहाजांवर स्वयंपाकी झाले आणि पुढे त्यांतल्या कित्येकांनी स्वतःची दुकाने काढली. क्वालालंपूरमधले ‘यूत की’ हे असेच एक, 1928 सालचे. साहेबाच्या न्याहारीतला टोस्ट आणि अंडी तशीच राहिली, फक्त जॅमच्या जागी नारळ आला. कॉफीतही काटकसर आणि कौशल्य एकत्र दिसते: रोबस्टासारख्या स्वस्त बिया साखर व मार्गारीन घालून काळ्याभोर भाजायच्या, त्यांची कॉफी कापडी पिशवीतून गाळायची आणि शीतकपाटाविना टिकणारे गोड, आटवलेले डब्यातले दूध घालायचे. मागणी नोंदवण्याची भाषा तर या दुकानातल्या सरमिसळीचा सर्वांत बोलका पुरावा आहे. ‘कोपी-ओ कोसोंग पेंग’ म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची, बर्फ घातलेली कॉफी. यातले ‘ओ’ (काळी) आणि ‘पेंग’ (बर्फ) होक्किएन, ‘कोसोंग’ (रिकामे) मलय. साखर कमी हवी असेल तर ‘स्यू दाय’ म्हणतात.

भाषा मिसळली म्हणून माणसे एका टेबलावर बसली असे होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. चिनी कोपितियामच्या गाड्यांवर डुकराचे मांस असते आणि मलेशियातली बहुसंख्य मलय प्रजा मुस्लिम आहे. सर्व धर्मांची गर्दी पाहायची तर तमिळ मुस्लिमांच्या ‘मामाक’ उपाहारगृहात जावे लागते. मात्र अडसर पदार्थाचा आहे, मांडणीचा नाही. कलांतान राज्यातल्या कोटा भारूसारख्या मलयबहुल शहरात चिनी मालकाच्या कोपितियाममध्ये मलय गिऱ्हाइके बसतात आणि केळीच्या पानात बांधलेला भात खातात, कारण कॉफी एकाची आणि भात दुसऱ्याचा असण्याची सोय तिथे मुळातच आहे.

दुसरा आक्षेप साखळी दुकानांचा. ‘ओल्डटाउन व्हाइट कॉफी’सारख्या कंपन्यांनी संगमरवरी टेबले व वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या उचलल्या आणि हलाल प्रमाणपत्र घेऊन मुस्लिमांनाही दार उघडले, मग खरे सर्वसमावेशक कोपितियाम हेच, असे म्हटले जाते. दार उघडले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु तिथे स्वयंपाकघर एक, मालक एक, बिलही एक. एकाच पदार्थावर पोट भरणाऱ्या गाडीवाल्याला त्या छपराखाली जागा उरलेली नाही.