युरियात तगलेलं एन्झाइम

युरिया म्हणजे आपल्यासाठी शेतात टाकायचं खत. प्रथिनांच्या प्रयोगशाळेत मात्र त्याची ओळख वेगळी आहे. पाण्यात भरपूर युरिया विरघळवून त्यात एन्झाइम सोडलं, की त्याची नेमकी घडी बहुधा उलगडते आणि त्याचं काम थांबतं. म्हणूनच २००८ साली मिनेसोटा विद्यापीठात एक लायपेज युरियाच्याच द्रावकात कामाला लागलं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं.

चूक नव्हती. पण ते समजायला मला थोडं मागे जावं लागलं.

एन्झाइमचं घर म्हणजे पाणी, हे बराच काळ गृहीतच होतं. १९८४ मध्ये एमआयटीतल्या झॅक्स आणि क्लिबानोव्ह यांनी डुकराच्या स्वादुपिंडातलं लायपेज जवळजवळ कोरड्या सेंद्रिय द्रावकात १०० अंश सेल्सियसला ठेवलं. पाण्यात त्या तापमानाला ते लगेच निकामी होतं; इथे मात्र निम्मी क्षमता जायला बारा तासांहून जास्त लागले. पाणी कमी असलं की प्रथिन ताठर होतं, सहजी उलगडत नाही. पण त्याच ताठरपणामुळे काम मंदावू शकतं. शिवाय अंगाला चिकटलेलं थोडं पाणी त्याला लागतंच. ते ओरबाडून घेणारं द्रावक एन्झाइमला मारक ठरतं.

पुढचा प्रश्न होता, सहज पेट घेणाऱ्या आणि वाफा सोडणाऱ्या द्रावकांना पर्याय काय? २००० च्या सुमाराला आयनिक द्रव पुढे आले. त्यांची वाफ जवळजवळ होत नाही, म्हणून त्यांना ‘हरित’ म्हटलं गेलं. लायपेज त्यांतही चाललं. पण त्यांतला एक लोकप्रिय द्रव पाण्याच्या संपर्कात विघटित होऊन घातक हायड्रोजन फ्लोराइड सोडू शकतो, हे नंतर दिसलं.

२००३ मध्ये लेस्टरच्या अ‍ॅन्ड्र्यू अ‍ॅबट यांच्या गटाने सोपी वाट दाखवली. कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात ते कोलीन क्लोराइड ३०२ अंशांना वितळतं, युरिया १३३ ला. एकास दोन रेणू या प्रमाणात मिसळले, की मिश्रण १२ अंशांनाच वितळतं. मिनेसोटातलं लायपेज याच द्रवात तगलं. स्पष्टीकरण असं दिलं जातं, की इथे युरियाचे रेणू क्लोराइड आणि कोलीनशी हायड्रोजन बंधांनी गुंतलेले असतात. प्रथिनाला छेडायला ते मोकळे नसतात.

या सगळ्यातून माझ्या हाती एक गोष्ट लागली. पदार्थ मारक की तारक, हे तो कोणाच्या संगतीत आहे यावर ठरतं. ‘हरित’ हेही नुसत्या नावावर मान्य करू नये. एन्झाइमला मानवलेलं द्रावक नदीलाही मानवेल का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो दरवेळी नव्याने विचारावा लागतो.