तळीये आणि शेवटच्या वाडीपर्यंतचा निरोप

२६ जुलै म्हटलं की मुंबईकरांना २००५ साली सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. आम्हा महाडकडच्यांना त्याचा आदला दिवस आठवतो. २५ जुलैला जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी मुंबई बुडाली आणि बातम्यांत आमचा तालुका मागे पडला.

पुढे सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, तळीयेची कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली. ऐंशीहून जास्त माणसं! घाटमाथ्यावर पाऊस किती होता ते महाबळेश्वरच्या आकड्यावरून कळतं : २३ तारखेच्या सकाळपर्यंत चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर. हवामान खात्याने रायगडला रेड अलर्ट दिलेला होता. म्हणजे इशाराच नव्हता, असं नाही. पण सावित्रीला पूर, महाड पाण्यात, रस्ते बंद, वीज गेलेली, फोन मुके. एनडीआरएफ वाडीत पोचली ती दुसऱ्या दिवशी.

तेव्हापासून एकच प्रश्न मनात आहे. वीज आणि टॉवर दोन्ही गेल्यावर निरोप येणार कशावरून?

अमेरिकेत याचं एक जुनं उत्तर आहे, नोआ वेदर रेडिओ. एप्रिल १९७४ मधल्या भीषण चक्री वादळांनंतर त्याचं जाळं भराभर वाढलं. १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सात वारंवारितांवर चोवीस तास फक्त हवामान. घरातला संच गप्प बसलेला असतो. इशारा आला की १०५० हर्ट्झचा सूर येतो आणि संच आपोआप बोलू लागतो, मध्यरात्रीसुद्धा. नव्वदच्या दशकात जिल्ह्याचे संकेतांकही आले, म्हणजे लांबच्या वादळासाठी तुमची झोपमोड नको!

न्यू जर्सीच्या आमच्या चुलतभावाने असा एक संच हौसेने आणला होता. 'वेदर'चं बटण दाबलं तर नुसती खरखर. साहजिकच आहे, आपल्याकडे त्या वारंवारितेवर असं बोलणारं कुणी नाही. मीडियम वेव्ह मात्र छान लागली. संच विकत घेता येतो हो, पण पलीकडून बोलणारं केंद्र विकत मिळत नाही.

आपल्याकडे २०२३ साली मोबाइलवर थेट इशारा पाठवायच्या चाचण्या झाल्या. फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. चांगलंच आहे, पण टॉवर जिवंत हवा. आणि त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडी झोपेत गाडली गेली. ती तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. झोपलेल्याला आपला साधा रेडिओ उठवत नाही. त्यासाठी माणूसच जागा हवा. रानडुकरांसाठी आपण शेतावर जागल करतोच की, मग मुसळधार पावसाच्या रात्री वाडीसाठी का नको?

तर मंडळी, गावी आत्याला, काकाला काही द्यायचं असेल तर मिरगाआधी एक रेडिओ द्या. मीडियम वेव्ह लागणारा, सेलवर चालणारा, हाताने फिरवून चार्ज होणारा असेल तर उत्तमच. दुकानात नाही, गावच्या घरात लावून बघा, कुठलं केंद्र स्वच्छ ऐकू येतं ते. त्यावर खूण करा. जादा सेल कोरड्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात ते सर्दावतात.

आणि एक नक्की सांगा. रेडिओ जिल्ह्याचं सांगेल, आपल्या डोंगराचं नाही. जमिनीला भेग पडली, झाडं कलली, ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा आटलं, तर बातम्यांची वाट बघू नये. उजेड असेतो डोंगराच्या पायथ्यापासून लांब, सपाटीवरच्या नातेवाइकांकडे जावं. पाऊस उघडला तर लोक हसतील. हसू देत.