पिंपरीचें पेनिसिलीन आणि कामगाराचें मूल

पुण्याजवळील पिंपरी-चिंचवडचें नांव आज मोटारींच्या कारखान्यांमुळें सर्वतोमुखीं झालें आहे. परंतु तेथील प्रारंभींच्या मोठ्या कारखान्यांपैकीं एक औषधाचा होता, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. १९५४ सालीं भारत सरकारनें तेथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही संस्था स्थापन केली. बालकांच्या हितार्थ १९४६ सालीं निघालेल्या युनिसेफनें यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेनें तज्ज्ञांचें साह्य दिलें, आणि १९५५ सालीं पिंपरींत पेनिसिलीन तयार होऊं लागलें. न्यूमोनियानें तळमळणाऱ्या मुलाचें औषध आतां स्वदेशांतच निघूं लागलें.

परंतु औषध निर्माण होणें निराळें आणि तें गरिबाच्या मुलास वेळेवर मिळणें निराळें. या दुसऱ्या कामासाठीं १९४८ सालीं राज्य कामगार विम्याचा कायदा झाला व २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर आणि दिल्ली येथें योजना सुरू झाली. आरंभीं उपचार केवळ कामगारासच मिळत. बायकामुलांचा समावेश मागाहून झाला. २०१९ सालीं कामगाराची वर्गणी वेतनाच्या शेंकडा पाऊण व मालकाची शेंकडा सव्वातीन ठरली. निरोगी मुलाच्या बापानें आजारी मुलाच्या बापाचा भार वांटून घ्यावा, हें यांतील तत्त्व आम्हांस फार मोलाचें वाटतें.

तथापि या छत्राखालीं सर्वांस जागा नाहीं. मूळ कायद्यांत मासिक वेतनाची मर्यादा ४०० रुपये होती. २०१७ सालीं ती २१,००० रुपये झाली. पगार वाढून ही रेषा ओलांडली, कीं कांहीं महिन्यांनीं विमा संपतो. धुणींभांडीं करणारी बाई व हातगाडीवाला यांची तर या विम्यांत गणनाच नाहीं.

वाचकांनीं साधा हिशेब करून पाहावा. डॉक्टर व औषध मिळून ५०० रुपये लागले, तर महिना ७५,००० मिळविणाऱ्याचा दीडशेवा हिस्सा जातो. १५,००० मिळविणाऱ्याची एका दिवसाची सगळी कमाई जाते. शिवाय रोजंदारीच्या माणसाचा दवाखान्यांत बसून खाडा होतो, तो वेगळाच. म्हणून अशा घरांत ‘आजची रात्र पाहूं’ असें म्हटलें जातें; तें निष्काळजीपणानें नव्हे, हिशेबानें. आणि लहान मुलाच्या तापांत कित्येकदां तीच एक रात्र निर्णायक ठरते.

आमचें म्हणणें एवढेंच, कीं मुलाच्या उपचाराचा हक्क बापाच्या नोकरीशीं न जोडतां मुलाच्या जन्माशीं जोडावा. नोकरी सुटते, पगार बदलतो. मुलाचें बालपण मात्र तोंवर थांबून राहत नाहीं.