कळसापासून खाली

वेरुळचा डोंगर, इसवी सन ७६० च्या आसपास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण गादीवर आहे. तुम्ही माथ्यावर उभे आहात आणि तुमच्या हातात टाकी दिली आहे. म्होरक्या पायाखालच्या काळ्या कातळावर खूण करून सांगतो, "कळस इथं. भोवतीचं सगळं काढायचं."

तीन बाजूंनी चर खोदत तुम्ही खाली सरकता. मधे उरेल ते देऊळ. परांची बांधायला नको, अजून न फोडलेल्या कातळावरच उभं राहायचं. पण खाली गेल्यावर वरचं काही सुधारायचं राहिलं, तर तिथं पुन्हा हात पोचणार नाही.

बेसाल्ट चिवट. टाकीचं टोक बोथटतं, कपची गालाला चाटून जाते, पापण्यांवर राखाडी भुकटी बसते. शेजारचा पाथरवट कानडीत काहीतरी पुटपुटतो. तो पट्टदकलकडचा. तिथल्या विरूपाक्षाचं शिखर त्याच्या डोक्यात पक्कं आहे. इथल्या थरांची उतरंड त्याच वळणाची. तिथं दगडावर दगड चढला, इथं तेच रूप डोंगरातून मोकळं करायचं.

वर्षं जातात. मागचा कडा तीस मीटरहून अधिक उंच होतो. जोत्यावरचे हत्ती दिसू लागतात तोवर तुमची टाकी मुलाच्या हातात गेलेली असते.

दक्षिणेकडे, जोत्याच्या पोकळीत, कैलास हलवणारा रावण आहे. काही अभ्यासकांच्या मते हे शिल्प नंतरच्या पिढीचं. मला ते पटतं. त्याचे हात मागच्या दगडापासून जवळजवळ सुटे केलेत, त्यामुळे सावलीतही ताण जाणवतो. वर पार्वती घाबरून शिवाला बिलगलीय, दासी पळत सुटलीय. शिव मात्र निवांत.

या सगळ्यावर पुढे गिलावा आणि रंग चढले. लोक या लेण्याला रंगमहाल म्हणत, ते उगाच नव्हे. आज आपण ज्या काळ्या दगडावर भाळतो, तो उघडा ठेवायचा त्यांचा बेतच नव्हता.

बडोद्याला सापडलेल्या, इसवी सन ८१२ च्या सुमाराच्या राष्ट्रकूट ताम्रपटात म्हटलंय, की हे आपण कसं घडवलं याचं खुद्द शिल्पकारालाच नवल वाटलं. लिहिणारा दरबारी माणूस, थोडं वाढवून सांगणारच. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही टाकी लोहाराकडे शेवटायला टाकत एवढंच म्हणाला असता : आज वीतभर उतरलो.